काकूंची सवत

नाझरकाकांना मरण बघायला आवडायचं. हे मी रागाने लिहीत नाहीये. राग आहेच, पण त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. नंदुरबारच्या आमच्या बागेत सकाळी कुणी गुडघ्यांसाठी येतं, कुणी साखरेसाठी येतं, कुणी घरच्यांपासून तासभर लांब राहायला येतं. काका कोण कोणाला खातं ते बघायला यायचे. गळ्यात जुनी दुर्बीण, तिच्या एका भिंगात बुरशी चढलेली, त्यामुळे एक डोळा घट्ट मिटून बघायचे. शिक्र्याने झडप घालून साळुंकी उचलली की त्यांचा चेहरा खुलायचा. इतरांचा नातवंडं आली की खुलतो तसा.

कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. जप्ती, ताबा, पंचनामा यांत उभा जन्म गेला. लोक दारात रडायचे आणि हे कोरड्या डोळ्यांनी उभे राहायचे, असं त्यांचेच जुने सोबती सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी फक्त दार बदललं.

आमची पहिली भेट सांगते म्हणजे माणूस कळेल. मी बँकेत बदलून नंदुरबारला आले होते, बागेत नवी होते. जास्वंदीच्या ताटव्याखाली बुलबुलाचं एक पिल्लू पडलेलं दिसलं, पिसं नीट न फुटलेलं. मी ओढणीत घेतलं. मागून आवाज आला, "ठेव तेले खाले."

मी म्हटलं, "अहो, मरेल ते."

"मरू दे. ठेव."

त्या आवाजात काय होतं देव जाणे, मी ठेवलं. दोन पावलं मागे सरकले तोवर कावळा आला आणि माझ्या देखत पिल्लू घेऊन गेला. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "तुम्हाला काही वाटत नाही का हो?" काका दुर्बिणीतून कावळा कुठल्या झाडावर जातोय ते बघत होते. म्हणाले, "कावळाले बी पोरं शेतस." कावळ्यालाही पोरं असतात म्हणे. आणि मग, माझ्याकडे न बघताच, "कोठली तू?" मी कळसाडीची असं सांगितलं. त्या दिवसापासून मी कळसाडी. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी परत त्यांच्याच बाकावर का जाऊन बसले, हे मला अजून सांगता येत नाही. भांडायला गेले असेन. गेले आणि बसले ती बसलेच. गप्प कसं बसायचं ते त्यांनी शिकवलं. मान न हलवता डोळे कसे फिरवायचे, शेकाट्याच्या आणि टिटवीच्या ओरडण्यात काय फरक, झाड बघायचं नाही तर झाडातली हालचाल बघायची, हे सगळं शिकवलं. मी चुकले की म्हणायचे, "कळसाडीमा फक्त कापूस दिसतो का तुम्हले?" तोरणमाळचा घाट चढून महागडे कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांना ते हसायचे. म्हणायचे, ज्याला घराशेजारचा कावळा दिसत नाही त्याला डोंगरावर काय डोंबल दिसणार. आणि हे सगळं शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, कोर्टात शपथ द्यावी तशी, की आपण बघायला आलोय, वाचवायला नाही: "देखाले ऊनू मी. वाचाडाले नही."

बागेत त्यांचं कुणाशी पटायचं नाही आणि ती त्यांची करमणूक होती. सगळ्यात जास्त ते छळायचे डॉक्टरांना. हे डॉक्टर आणि त्यांची बायको, जिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, ही बागेतली मोठी मंडळी. फिरायला येणाऱ्यांचा गट त्यांचा, हसण्याचा वर्ग त्यांचा, उन्हाळ्यात पाखरांसाठी मातीचे परळ टांगायचे तेही तेच. डॉक्टर एकदा मेलेल्या बुलबुलाशेजारी हळवे होऊन उभे होते, तर काका लांबूनच ओरडले, "डॉक्टर, नवापूरनी कोंबडी खातस नि आठे बुलबुलकरता रडतस!" सगळी बाग हसली. डॉक्टरांनी त्यानंतर महिनाभर बाकाकडे मान वळवली नाही.

डॉक्टरीणबाईंच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हाची गोष्ट तर याहून वाईट. आपल्याकडे भारद्वाज दिसला की शुभ. बागेत कुणाचं काही महत्त्वाचं असलं की ती माणसं सकाळी काकांकडे यायची, "आज भारद्वाज कुठंय हो?" एरवी तोंड बघायची नाहीत, त्या दिवशी बरोबर गोड बोलायची. डॉक्टरीणबाई आल्या, पदर डोक्यावर घेऊन. काका उठले, अगदी अदबीने त्यांना मेंदीच्या कुंपणामागे घेऊन गेले आणि बोट दाखवलं. भारद्वाज होता. तांबडे पंख, लाल डोळा, आणि चोचीत सातभाईचं उघडं पिल्लू, अजून पाय हलवणारं. काका म्हणाले, "ल्या दर्शन." बाईंनी जोडलेले हात तसेच राहिले. पुढे ते स्थळ मोडलं आणि ते काकांमुळे मोडलं असं त्या वर्षभर सांगत होत्या.

अशा माणसाच्या घरी मी जाईन असं मला वाटलं नव्हतं. पण घर बागेच्या भिंतीला लागून होतं आणि एकदा काकांनीच "चहा पी नि जाय" म्हणून नेलं. आतल्या खोलीत काकू. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं, पण जीभ, बापरे! जी अर्धी उरली होती ती काकांच्या दोन जिभांना भारी. मुलंबाळं नव्हती. शेजारची सून सकाळी तासभर बसायची, बाकी सगळं काकाच. खिचडी मऊ करून चमच्याने भरवायचे आणि भरवताना शिव्या द्यायचे. "उघड तोंड. नखरा कोणले दखाडस?" काकू तोंड उघडायच्या, घास घ्यायच्या आणि संधी मिळाली तर बोट चावायच्या. मग दोघं हसायचे. मी तिथे बसून चहा प्यायचे आणि मला कळायचं नाही की इथे हसायचं की उठून जायचं.

त्या वर्षी फाल्गुनात बागेतल्या म्हाताऱ्या शिरीषाच्या ढोलीत राखी धनेशाची जोडी उतरली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि आतून माती-विष्ठेने दार लिंपून घेते. चोच मावेल एवढी फट ठेवते. आत अंडी घालते, उबवते, आणि तिथेच तिच्या पंखांची पिसं झडतात, नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. तोवर नर बाहेरून फळं, किडे, सरडे आणून फटीतून भरवतो. काकांनी हे मला बाकावर बसून सांगितलं आणि मी मूर्खासारखी बोलून गेले, "म्हणजे तुमच्या घरासारखंच की हो काका."

ते माझ्याकडे वळले. इतक्या थंड डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "ती मादी दोन महिनामा बाहेर यी. तुन्ही काकू नही यी." मी दिवसभर बँकेत चुकीच्या खिडकीवर उभी असल्यासारखी वावरले.

पण काकूंना मात्र ही गोष्ट भलतीच आवडली. काका रोज परत गेले की त्या विचारायच्या, काय खाल्लं तिने आज, चोच कशी आहे, आवाज देते का. तिचं नावच त्यांनी सवत ठेवलं. "सकाय व्हयनी का पयाले सवतकडे," असं काका बागेत निघाले की शेजारच्या सुनेला सांगायच्या. आणि मग एक दिवस हट्ट धरला: "मन्ही सवत माले देखाडा ते खरी." बाग भिंतीपलीकडे. पण काकूंना उचलायचं, रिक्षात बसवायचं, बाकावर टेकवायचं, चारचौघांनी त्यांचं वाकडं तोंड बघायचं. काका म्हणाले, नको. काकू म्हणाल्या, एवढी एक गोष्ट. काका म्हणाले, बघू. आणि काका "बघू" म्हणाले म्हणजे त्यांना ते करायचं होतं, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

चैत्रात नर मेला. संक्रांतीचा मांजा. आपल्याकडे गुजरातच्या शेजाराने पतंगाचं वेड जरा जास्तच, आणि हा नायलॉनचा मेला सडत नाही, कुजत नाही, झाडांत महिनोन्‌महिने लटकून राहतो. नर उंबर घेऊन ढोलीकडे येत होता, पंख अडकला, आणि दुपारपर्यंत तो शिरीषाच्या फांदीला उलटा फडफडत लटकला. मी बँकेतून सुटून आले तेव्हा शांत झाला होता. फटीतून मादीची चोच बाहेर येत होती, आत जात होती. बाकावर काका बसले होते.

मी म्हटलं, "आता?" मला वाटलं ते नेहमीचं वाक्य बोलतील. मी मनात तयारीही केली होती की आज यांना सोडायचं नाही, तोंडावर सांगायचं की तुम्ही माणूस नाही. काका उठले, घरी गेले, पडद्याचा लांब बांबू घेऊन आले. टोकाला चीर पाडली, चिरेत उंबर बसवलं, आणि तो बांबू फटीपर्यंत नेला. पहिल्यांदा चोच आत गेली. दुसऱ्यांदाही. मग मादीने फळ घेतलं.

मी बघतच राहिले. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मांजा कावळाना नही. मांजा आपला शे."

तेव्हापासून जप्तीवाला नाझर सकाळ-दुपार-संध्याकाळ शिरीषाखाली बांबू घेऊन उभा. बागेला आयतं फावलं. डॉक्टर येता-जाता मोठ्याने म्हणायचे, "नाझर, देखाले ऊनात का वाचाडाले?" काका चिरेत पुढचं फळ बसवायचे. उंबर, पिंपळाची फळं, नाकतोडे, एकदा तर पाल. घरी काकूंना भरवायचं, इथे सवतीला. काकू खूश होत्या. म्हणायच्या, "दोन्हीसले पोसतस, नाझर शे का राजा शे!" आतून पिल्लांचा चिरका आवाज यायला लागला तेव्हा काकांनी काकूंना शब्द दिला. आखाजीला नेतो. तुझ्या देखत तिला उंबर देतो. तुला चोच दिसेल.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात काय असते हे सांगायला नको. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, वर्षभर सासरी कोंडलेलं सगळं त्या झोक्यावर मोकळं होतं. मीही दुपारच्या बसने कळसाडीला जाणार होते, पण सकाळी आधी बागेत गेले, काकू येणार म्हणून. काका पहाटेच मादीला भरवून काकूंना तयार करायला घरी गेले होते. बागेत बायकांनी झोके बांधलेले, गाणी चाललेली. आणि शिरीषाला शिडी लावलेली होती.

शिडीवर माळी होता, हातात खुरपं. खाली डॉक्टरीणबाई, हातात पूजेचं ताट, डोळ्यांत खरोखरचं पाणी. त्या सगळ्यांना सांगत होत्या, "आखाजीले बी कोंडी ठेवानी का बिचारीले? नवरा मेला, त्यावर हा म्हातारा तिला काठीने टोचतो. आज तरी तिला माहेरी जाऊ द्या." बायका माना हलवत होत्या. कुणाच्या मनात कपट नव्हतं. तेच तर. कपट असतं तर मला आज त्यांना शिव्या देता आल्या असत्या. मी ओरडले, "अहो, तिला पंख नाहीत! पिसं झडलीत तिची!" डॉक्टर म्हणाले, "तू नाझरचीच चेली, तुला कुणाची दया येणार." मी शिडी धरून हलवली, तर दोघींनी मला दंडाला धरून बाजूला केलं, अगदी प्रेमाने, आज सण आहे म्हणून. माळ्याने लिंपण फोडलं.

मादी बाहेर आली. आली म्हणजे पडली. उघड्या पंखांची खुंटं हलवत ती बाईंच्या पायांपाशी फरशीवर आपटली, उठली, घसटत पळायला लागली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं ती चालली. झोक्याखाली झोपलेलं बागेतलं कुत्रं उठलं आणि मग टाळ्या थांबल्या.

कुत्र्यामागे सगळे धावले, दगड मारले, पण त्याने सोडलं नाही. या गोंधळात झाडाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी वर बघितलं तर मोकळ्या ढोलीच्या तोंडाशी भारद्वाज बसला होता. खाली उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या आजीने तो बघितला, आणि सवयीने हात जोडले.

बागेच्या दारात रिक्षा उभी होती. काकूंनी हिरवं नवं लुगडं नेसलं होतं, कपाळाला मोठं कुंकू, काकांनीच लावलेलं असणार, जरा वाकडं होतं. बांबू रिक्षाच्या टपावर आडवा बांधलेला. काका आत गेले होते. ते परत येताना मला दिसले, दुर्बीण हातात लोंबत होती. मी धावत जाऊन त्यांना गाठलं. म्हटलं, "काका, काकूंना काहीतरी सांगा. उडून गेली म्हणा. पिल्लांना घेऊन गेली म्हणा. तुमच्या पाया पडते." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

काकूंनी चांगला हात पुढे केला, उतरवून घ्या म्हणून. म्हणाल्या, "कोठे शे मन्ही सवत?"

"कुत्रानी खाई टाकी," काका म्हणाले.

"नि पोरं?"

"भारद्वाजनी."

काकूंनी हात मागे घेतला. रिक्षा वळली आणि घरी गेली. सगळं अंतर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं.

मी कळसाडीची बस सोडली आणि त्यांच्या घरी गेले. त्या दुपारी काकांनी आमरस केला. चमचा काकूंच्या ओठांशी नेला. काकूंनी तोंड उघडलं नाही. काका म्हणाले, नखरा पुरे. नाही उघडलं. त्या दिवसापासून शेजारच्या सुनेच्या हातून काकू खात होत्या, माझ्या हातूनही खाल्लं, पण काकांच्या हातून एक घासही घेतला नाही. काका रोज बसायचे, चमचा धरायचे, थोडा वेळ थांबायचे आणि ताटली खाली ठेवायचे. जबरदस्ती केली नाही, विनवणीही केली नाही. बागेत जाणं त्यांनी बंद केलं होतं. मी एकदा न राहवून विचारलं, "एक खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?" ते म्हणाले, "पक्षीनी बाबतमा मी खोटं बोलत नही." मला त्या क्षणी त्यांना धरून हलवावंसं वाटलं. आणि त्यांच्याइतकी माया मला त्या गावात दुसऱ्या कुणाची वाटत नव्हती, हेही तितकंच खरं.

मृग लागायच्या आधी काकू गेल्या.

दहावं प्रकाशा गावी केलं, तापीच्या घाटावर. डॉक्टर आले होते, डॉक्टरीणबाई आल्या होत्या, बागेतले बरेच आले होते. आखाजीनंतर सगळेच जरा मऊ झाले होते. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. कावळा शिवला नाही तर काय करायचं, काकूंची इच्छा काय राहिली असेल, काकांनी काय कबूल करावं, याची कुजबुज आधीच सुरू झाली होती. सगळ्यांना माहीत होतं कुठली इच्छा, पण कुणी बोलत नव्हतं. काका पुढे उभे होते. गळ्यात दुर्बीण नव्हती, तरी एक डोळा त्यांनी सवयीने मिटला होता.

कावळा लगेच आला. लोकांनी श्वास घ्यायच्या आत आला, पिंडावर बसला, भाताचा मोठा घास घेतला आणि पिंपळावर जाऊन बसला. घाटावर सगळे सुटल्यासारखे हलले. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सुखाने गेल्या हो. काही राहिलं नाही त्यांचं." डॉक्टरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी तो राहू दिला.

त्यानंतर काका पुतण्याकडे राहायला गेले, घर विकलं, आणि पुन्हा आम्ही भेटलो नाही. त्या दिवशी मात्र घाटाच्या पायऱ्या चढताना त्यांनी माझा हात धरला होता. सगळे पुढे गेले होते. अर्ध्यावर ते थांबले, मागे वळून पिंपळाकडे बघितलं. कावळ्याने तो घास स्वतः खाल्ला नव्हता. वर घरट्यात कुणाला तरी भरवत होता.

"कळसाडी," काका म्हणाले, "त्याना पोरं भुक्या व्हतात, म्हनीसन ऊना तो. तुन्ही काकूनी इच्छा बाकीच शे."